तीनशेच्या खाली नाही

सुभेदार कृष्णात खासदारकीला उभा राहिला तेव्हा त्याचं वजन एवढं होतं, की एसटीत तो खिडकीशी बसला की कंडक्टर बाकीच्या उतारूंना पलीकडच्या बाकांवर बसवायचा. गाडी सरळ चालावी म्हणून. यातलं अर्धं तुम्ही सोडून द्या. उरलेल्या अर्ध्यातसुद्धा माणूस चांगला भरीव होता. पलटणीत असताना शिडशिडीत होता म्हणतात. पेन्शनीत आला, द्राक्षबाग लावली, आणि विजयमालाबाईंच्या हातच्या भाकरीनं बाकीचं काम केलं.

विजयमालाबाई म्हणजे त्याची बायको, माहेर मेढ्याकडचं. डोंगरातली माणसं जे पिकतं ते खातात आणि उरलं तर विकतात. आमच्या सांगलीकडच्या द्राक्षवाल्यांची तऱ्हा वेगळी. द्राक्षाला गिऱ्हाईक नसलं की आम्ही ती शेडवर वाळवतो, बेदाणा करतो, पेट्या भरतो आणि कोल्ड स्टोरेजमध्ये नेऊन ठेवतो. कशासाठी? दर येईल म्हणून. दर पाहुण्यासारखा असतो. येतो म्हणून निरोप धाडतो, आपण चहा टाकून बसायचं.

त्या वर्षी तो आलाच नाही. बाहेरच्या देशांतला बेदाणा बंदरावर उतरत होता आणि आमचा गारठ्यात पडून होता. औषध महाग, खत महाग, पेटीचा पुठ्ठासुद्धा महाग आणि प्रत्येकावर कर. बेदाण्याला मात्र किलोमागं शंभर-सव्वाशे. कृष्णात रोज पेपर उघडून आयात शुल्काची बातमी अशी वाचायचा, जशी काही ती वरून आलेली ऑर्डर आहे. एक दिवस पेपर खाली ठेवला आणि म्हणाला, "तात्या, मी बर्फात हुबं ऱ्हाऊन चौकी राखली. बंदरावर कोण राखतंय?"

मी म्हणालो, "कोण न्हाई."

"मग मी जातो."

असा तो उभा राहिला. पक्ष नाही, झेंडा नाही. डिपॉझिट पेन्शनीतून भरलं. चिन्ह मागितलं होतं द्राक्षाचा घड, मिळाली खाट. लोक म्हणाले, बरं झालं, दमल्यावर पडायला होईल.

आता प्रचार म्हटला की पैसा. ठेकेदार, कारखानदार यांच्या थैल्या कुणाच्या ओटीत पडायच्या ते आधीच ठरलेलं असतं, आणि खाटेवर थैली ठेवायला कोण येतंय? आमच्या प्रचार कमिटीचा मुखत्यार होता नानासो. हा स्वतः बागायतदार, आणि मागच्याच्या मागच्या सालचा बेदाणा अजून न विकता राखलेला, म्हणजे माणूस किती धीराचा ते बघा. नानासोनं तोड काढली.

"रोख कुणाकडंच न्हाई," तो म्हणाला. "पर बेदाणा घरोघर हाय. सुभेदाराची तुला करू. गावोगाव ह्यो पारड्यात बसंल, लोकं भारंभार बेदाणा घालतील. मग इकू आन् डिझेल भरू."

"लाडूतुला बघितलीया, गूळतुला बघितलीया," मी म्हणालो. "बेदाणातुला नवीनच."

"उमेदवार बी बघा की कसला घावलाय," नानासो कृष्णाताकडं बघत म्हणाला. "दुसरा कुणी असता तर पेटीभर बी निघाला नसता."

काटा आणला इलाहीनं. इलाही कराडचा, वजनकाटे दुरुस्त करण्याचा धंदा, तोही आता इलेक्ट्रॉनिक काट्यांनी निम्म्यावर आणलेला. त्याच्याकडं वाडवडिलांच्या वेळची गूळ तोलायची मोठी दांडी होती, साखळ्या लावलेली दोन लाकडी पारडी होती आणि एक टेम्पो होता. टेम्पोवर भोंगा बांधला. माझं काम एवढंच, की पुढं जाऊन भोंग्यावर काहीबाही रचून सांगायचं, गर्दी जमवायची, आणि सुभेदार येईपर्यंत ती पांगू द्यायची नाही. आयुष्यभर थापा मारल्या, म्हातारपणी त्याला प्रचार म्हणाले.

पहिली तुला आमच्याच गावात, पारापुढं. कृष्णात पारड्यात बसला तसा दांडीनं असा आवाज केला, की झाडावरचे बगळे उडाले ते थेट कोयनेपर्यंत गेले असतील. दुसऱ्या पारड्यात पेट्या पडायला लागल्या.

"सुभेदार, हलू नका!"

"हलत न्हाई. माशी बसलीया."

"माशीचं वजन धरू नका रं, तिला मत न्हाई!"

धोंडुबाईनंही एक पेटी आणली. ही एकटी बाई, घरामागं थोडीशी बाग, बेदाणा जेमतेम एका टेम्पोचा. दुसऱ्या दिवशी तो सौद्याला, म्हणजे लिलावाला, जाणार होता. त्या पैशांत पावसाळ्याआधी घरावर नवे पत्रे टाकायचे होते. जुन्यांना एवढी भोकं, की दुपारी घरात ऊन मोजून घ्यावं.

दांडी बरोबरीला आली. टाळ्या पडल्या. कृष्णात भारावून खाली उतरला. भारावलेल्या माणसाच्या हातात माईक देऊ नये हे मला तेव्हा कळायला पाहिजे होतं. त्यानं माईक घेतला.

"तुमी माज्यावर इस्वास टाकला," तो म्हणाला. "आता मी सांगतो ते ऐका. तीनशेच्या खाली बेदाणा इकू नका. मी दिल्लीला जातो, भायेरच्या मालावर शुल्क बसवाय लावतो, मग बघा दर कसा येतोय. तंवर दम धरा. घाबरून इकला की यापारी आणि खाली दाबत्यात."

लोकांनी असा गलका केला की भोंगा लाजला. धोंडुबाई पुढंच बसली होती. तिनं हात वर केला.

"शब्द हाय का?"

"सुभेदाराचा शब्द हाय."

"मग मी बी न्हाई इकत," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात आलेला टेम्पो तिनं रिकामा परत पाठवला, बेदाणा पुढं कोल्ड स्टोरेजला नेऊन ठेवला.

सगळे खूश. एकट्या विजयमालाबाई कपाळाला हात लावून कृष्णाताच्या कानाशी गेल्या. माईक चालूच होता, म्हणून आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"आवं, मग आपला कसा इकायचा?"

तुला मात्र गावोगाव गाजली. एका गावात बेदाणा, पुढच्या गावात बेदाणा. पेट्या कोल्ड स्टोरेजमध्ये जाऊन पडत होत्या. त्यांतली एकही विकायची सोय नव्हती. उमेदवार भोंग्यावर ओरडणार की तीनशेच्या खाली विकू नका, आणि त्याचीच पेटी सौद्यात सव्वाशेला निघणार? मग त्याच्या शब्दाला कोण किंमत देणार? नानासोला तर यात काही अडचणच दिसत नव्हती.

"ठिवायचा," तो म्हणायचा. "दर यील."

"दर सुभेदार निवडून आल्यावर येणार," इलाही म्हणायचा. "आन् सुभेदार बेदाणा इकल्यावर निवडून येणार. नानासो, ह्येला काटा म्हणत न्हाईत, ह्येला जत्रेतला पाळणा म्हणत्यात."

मध्येच निवडणुकीच्या खर्चाचा हिशेब बघणाऱ्या कचेरीतून एक साहेब आले. सभ्य माणूस, घामानं पार गळून गेलेला. "ही वस्तुरूप देणगी झाली," ते म्हणाले. "आजच्या बाजारभावानं किंमत लिहा आणि सही करा."

"आजचा भाव आमाला मान्य न्हाई," नानासो म्हणाला.

"मान्य नसला तरी भाव आहे तो."

"तीनशे लिवा."

"तीनशेनं कोण घेतं?"

"कोणच न्हाई. म्हणून तर हुबं ऱ्हायलोय."

साहेबांनी बाजारभावच लिहिला, उठले, आणि जाता जाता उघड्या पेटीतून मूठभर बेदाणा तोंडात टाकला. त्यांना दोष नाही. आम्ही सगळे तेच करत होतो.

कारण कमिटीच्या बैठका आता कोल्ड स्टोरेजमध्येच भरायला लागल्या होत्या. बाहेर डांबर वितळत होतं, आत घोंगडी पांघरावी लागत होती. मालक ओळखीचा, दार उघडून द्यायचा. आम्ही पेट्यांवर बसायचो, कानटोपी घालून देशाचं आर्थिक धोरण ठरवायचो. आयात का खुली? साखरेची निर्यात का बंद? सोन्याला एवढा भाव आणि सोन्यासारख्या मालाला का नाही? प्रत्येक मुद्द्याला नमुना बघायचा म्हणून मूठ भरायची. एखादा म्हणायचा, अंमळ आंबट लागतोय. दुसरा म्हणायचा, बघू. देशाची चर्चा जशी खोल जात होती तशी पेटीही तळाला जात होती. नानासोला तर एका बैठकीत एवढं पटलं, की तो पेटीवर बसला होता तो शेवटी पेटीत बसलेला निघाला.

शेवटचा आठवडा आला आणि टेम्पोची टाकी कोरडी पडली. आटपाडीकडचा सगळा पट्टा राहिला होता. तिकडं कृष्णाताचं नाव कुणी ऐकलं नव्हतं, पोस्टर तेवढी लागली होती. पंपावर उधारी बंद. भोंगेवाला बॅटरी काढून घेऊन गेला. आणि नेमका त्याच दुपारी कोल्ड स्टोरेजच्या दारात एक व्यापारी आला. पांढराशुभ्र शर्ट, दमलेल्या लोकांना बघून होतो तसा चेहरा गोड.

"सुभेदार, सगळा माल घेतो," तो म्हणाला. "एकशे वीस. रोख, आत्ताच. तुमी नुसतं हो म्हणा, पेटीवर हात ठेवा."

आत गारठा होता. कृष्णात पलटणीतला जुना ओव्हरकोट घालून पेट्यांच्या मध्ये उभा होता.

इलाही त्या माणसाच्या खिशाकडं बघत होता. "सायेब," तो म्हणाला, "फोन खिशात उलटा ठेवलाय. कॅमेरा भायेर हाय. सर्दी हुईल त्येला."

व्यापारी हसला आणि फोन खिशात खाली दाबला. पण कॅमेरा काही आत गेला नाही. आम्हाला कळलं की हा विरोधी उमेदवारानं धाडलाय. उमेदवार स्वतःच सांगितलेल्या दराखाली माल विकतोय, हे संध्याकाळपर्यंत प्रत्येक मोबाईलवर गेलं असतं.

"फोन ठिवू दे न्हाईतर नको," विजयमालाबाई पुढं आल्या. "आवं, इका. तुमी निवडून आलासा तरच तुमचा शब्द खरा हुयाचा. निवडून यायचं तर आटपाडीकडं जायाला पायजे. जायचं तर डिझेल पायजे. डिझेल ह्या पेट्यांत हाय. कुणी बोललं तर बोलू दे, चार दिसांत इसरतील."

"वहिनी, इकला तर शब्द ऱ्हातोय कुठं?" नानासो म्हणाला.

"तुमी गप बसा. तुमचा बेदाणा दोन सालं झोपलाय, त्यो उठला तर तुमालाच वळखणार न्हाई."

बाई चुकीचं बोलत नव्हत्या. मला विचाराल तर मीसुद्धा विकला असता आणि वर एक गोष्ट रचून सांगितली असती. कृष्णातानं पेटीवर हात ठेवला. व्यापाऱ्यानं छाती थोडी पुढं काढली, फोन नीट दिसावा म्हणून.

"धोंडुबाईनं टेम्पो माघारी धाडला, विजयमाला," कृष्णात म्हणाला.

"मला म्हाईत हाय."

"नवं पत्रं न्हाईत तिच्या घरावर."

"त्ये बी म्हाईत हाय."

"मग?"

विजयमालाबाईंनी पदर अंगाभोवती ओढून घेतला. गारठाच तसा होता. कृष्णातानं पेटीवरचा हात काढला आणि त्या माणसाला म्हणाला, "तीनशेनं घेता का?"

"येड्यात काढता का, सुभेदार?"

"मग ऱ्हाऊ द्या."

आणि तो आटपाडीकडं पायी निघाला. आम्ही मागून, मी आणि इलाही. तिकडचं ऊन तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो, तिथं सावलीसुद्धा सावलीला जागा शोधत फिरते. पहिल्या दिवशी कृष्णाताच्या पट्ट्याला एक भोक जास्त पाडलं, दुसऱ्या दिवशी दोन, मग पट्टाच दोन वेढे घ्यायला लागला. शर्ट एवढा सैल झाला, की वाऱ्याच्या दिवशी आधी शर्ट गावात शिरायचा आणि सुभेदार मागून पोचायचा. यातलं किती सोडायचं ते तुमचं तुम्ही बघा. पण एका गावात मी माझ्या कानांनी ऐकलं ते असं. कृष्णात पोस्टरखालच्या कट्ट्यावर टेकला होता. एक म्हातारा आला, पोस्टरकडं बोट दाखवून त्यालाच म्हणाला, "पाव्हणं, ह्यो जाडा माणूस कवा येणार हाय?"

कृष्णातानं मान वर करून स्वतःच्या फोटोकडं बघितलं.

"येतोय," तो म्हणाला. "मागनं येतोय."

"बरं बोलतोय म्हणत्यात."

"बोलतोय व्हय. जरा जास्तच बोलतोय."

म्हातारा गेला. मग कृष्णात मला म्हणाला, "तात्या, शुल्क म्हंजे काय हे ह्या लोकांना सांगायला मला एक तास लागतोय. त्यो दुसरा उमेदवार गाडीतनं हात हालवतो, झालं."

"तू बी हालवायचा."

"हात उचलत न्हाई आता."

मतं पडली, मोजली गेली. डिपॉझिट गेलं. जे निवडून आले त्यांनी देशाचं अर्थकारण मजबूत आहे असं सांगितलं आणि गुलाल उडवला. आमच्या गल्लीतनं मिरवणूक गेली तेव्हा कृष्णात दारात उभा राहून बघत होता. कुणीतरी त्याच्याही कपाळाला गुलाल लावला, चुकून. तो त्यानं दिवसभर पुसला नाही. विसरला असेल.

बेदाणा परत करायचा हे विजयमालाबाईंनी ठरवलं. "ज्याचा त्याला द्या," त्या म्हणाल्या. "उचललाय तसा ठिवा." इलाहीनं टेम्पोत स्वतःच्या पैशांचं डिझेल घातलं आणि दांडी पुन्हा बाहेर काढली. कोल्ड स्टोरेजच्या मालकानं भाड्यापोटी काही पेट्या ठेवून घेतल्या, रोख मागितलं नाही, ते त्याचे उपकार. राहिलेल्या पेट्या कमिटीनं नमुना बघून बघून अर्ध्या-पाऊण केलेल्या. नानासो टेम्पोत माझ्या शेजारी बसून कुरकुरत होता. "तात्या, गावाला काय सांगायचं? भारंभार घेतला आन् आता कमी देतोय म्हणतील. निवडून बी आला न्हाई आन् बेदाणा बी खाल्ला म्हणतील."

"खाल्ला न्हाई काय?"

"धोरण ठरवताना खाल्ला."

आमच्या गावात पारापुढं दांडी लावली. आभाळ भरून आलं होतं, वारा सुटला होता. टाळ्या नाहीत, भोंगा नाही. आली ती माणसं गुपचूप उभी राहिली. गावाच्या वाट्याच्या पेट्या एका पारड्यात ठेवल्या. मग कुणी काही न सांगता कृष्णात दुसऱ्या पारड्यात जाऊन बसला. गुडघे पोटाशी घेऊन, कारण आता घेता येत होते.

दांडी हलली. खाली गेली, वर आली. आणि मधोमध येऊन थांबली.

इलाहीनं साखळी तपासली. बोटानं दांडी ढकलून बघितली. ती पुन्हा येऊन तिथंच थांबली. जेवढा बेदाणा कमी झाला होता तेवढाच माणूस कमी झाला होता, एक मणी इकडं नाही की तिकडं नाही. मी आजवर सांगितलेल्या सगळ्या गोष्टींत ही एकच अशी आहे, की जिच्यात मी काही घातलं नाही, आणि हीच कुणाला खरी वाटत नाही.

"बरूबर हाय," इलाही म्हणाला.

लोक आपापल्या पेट्या उचलायला लागले. कमी भरली म्हणून कुणी बोललं नाही. एकजण म्हणाला, "सुभेदार, जेवत जा." बस.

धोंडुबाई शेवटी आली. तिनं पेटी घेतली नाही. पारड्याशी येऊन उभी राहिली. कृष्णात अजून आत बसलेलाच होता. उठायला जोर पाहिजे, तो त्यानं अजून गोळा केला नव्हता.

"सुभेदार," ती म्हणाली, "माझा समदा तसाच हाय स्टोरेजला. एक पेटी बी काढली न्हाई."

"म्हाईत हाय, धोंडुबाई."

"तुमी म्हणला हुता, तंवर दम धरा."

"म्हणलो हुतो."

ती आभाळाकडं बघत राहिली. मग खाली बघत, अगदी हळू आवाजात, जसं काही तीच काही मागून घेतेय, असं तिनं विचारलं.

"मग आता इकू का?"

मी कृष्णाताकडं बघितलं नाही. विजयमालाबाईंनीही बघितलं नाही. आम्ही सगळे तिच्या पेटीकडं बघत होतो. वाऱ्यानं समोरचं पारडं थोडं हललं आणि त्याच्याबरोबर तोही हलला.

"इका," तो म्हणाला.

"सव्वाशेनं बी न्हाई घेणार आता."

"जेवढ्यानं जातोय तेवढ्यानं इका."

धोंडुबाईनं मान हलवली. राग नव्हता तिच्या तोंडावर, काहीच नव्हतं. मग ती इलाहीकडं वळली.

"पावण्या, तुमचा टेम्पो रिकामाच जाणार न्हवं माघारी? सौदा कवा असतोय, उद्या का परवा?"

"उद्या," इलाही म्हणाला. "पर मावशी, मी कराडला..."

"नेतोय त्यो," कृष्णात म्हणाला. त्यानं दांडीच्या साखळीला धरलं आणि पारड्यातनं उठला. "पेट्या मी चढवतो. चला."

आणि ओव्हरकोट घ्यायला घरी गेला. स्टोरेजच्या आत गारठा असतो ना.